कौसाची भाकरी

सत्तावन्न सालची दिवाळी जवळ आली होती आणि तेरखेड्यात फटाक्यांच्या कामाची घाई चालली होती. म्हाळसाबाई देवपूजा आटोपून अंगणात आली, तर तिची पाच वर्षांची कौसा भातुकली मांडून बसली होती. मातीच्या इवल्या तव्यात तिनं पीठ म्हणून बापाच्या पोत्यातली फटाक्यांची काळी दारू घेतली होती. हातातल्या चिमट्यात घरातल्या चुलीतला लाल निखारा होता.

ओरडलं तर पोर दचकणार आणि निखारा दारूत पडणार.

म्हाळसाबाई जागीच थांबली. हळूच म्हणाली, "कौसाबाई, आज नागपंचमी न्हवं का? आज कुणी चुलीवर तवा ठेवतं व्हय? नागोबाला चटका बसतो."

"आगं बया, इसरलेच की," म्हणत कौसानं वळून निखारा बाजूच्या पाण्याच्या बादलीत सोडला.

दुपारी कौसाचा बाप धुळाप्पा जेवायला बसला, तर ताटात भाकरी न्हाय, उकडलेली दिंडं.

"पंचमी हून दोन महिनं झालं की."

कौसा आईच्या तोंडाकडं बघत होती. म्हाळसाबाईनं दिंडावर तूप सोडलं.



"तुमचं पोतं घरात हाय तवर आपल्याकडं रोज पंचमीच."