मिठाच्या बरणीवरचा सेल

चार वाजून गेले तरी ओट्यावरचा बल्ब लागला नव्हता. आज स्वारीला बरी झोप लागली, असं मनाशी म्हणत वायरमनची बायको मटार सोलत राहिली.

बल्ब चिमुकला, टॉर्चमधला. लेक शाळेत मुलांना शिकवते, तसाच तिने घरी जोडून दिला होता. ओट्यावर दोन सेल, तिथून दुपदरी वायर आतल्या खोलीत पलंगापर्यंत, आणि वडिलांच्या चालत्या हाताखाली पत्र्याच्या दोन पट्ट्या. अर्धांगाने त्यांची वाचा गेली होती. काही हवं झालं की त्यांनी पट्टी दाबायची. पट्टीला पट्टी टेकली की इकडे उजेड.

"वाटेत कुठेही खंड पडला ना आई, की बल्ब लागत नाही," लेकीने बजावलं होतं. चाळीस वर्षं वायरमनचा संसार केलेल्या बाईला हे सांगायचं म्हणजे कमालच.

त्याच चाळीस वर्षांची शिस्त तिच्या अंगात मुरली होती. काम नसलं की सेल बाहेर, आत राहिला की गळतो, असा त्यांचा एकेकाळी धोशा असे. झोपेत त्यांचा हात पट्ट्यांवर पडे आणि बल्ब उगाच जळत राही. म्हणून दुपारी ते झोपले की ती एक सेल काढून मिठाच्या बरणीवर ठेवी. साडेतीनला, त्यांना जाग यायच्या आत, परत बसवी.

लेक शाळेतून आली ती तडक आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आई, बाबा गेले गं." मग बल्बकडे बघत तिने विचारलं, "हा लागला नव्हता का?"

"नाही गं. डोळ्यांत तेल घालून इथेच बसले होते मी."

यातला शब्दही खोटा नव्हता. मग आईची नजर बरणीवर गेली. सेल तिथेच होता.

लेक डॉक्टरांना फोन लावायला दारात गेली. आईने सेल उचलला आणि जागच्या जागी बसवला.

बल्ब लागला.

"आले हो, आले," ती म्हणाली आणि लगबगीने आत निघाली.