नवे नागरिक

नातीची नाळ गळून पडली, तशी युलाली ती फडक्यात गुंडाळून, खुरपं घेऊन किनाऱ्याकडे निघाली. बेटावरच्या रीतीप्रमाणे तिच्या घरातल्या प्रत्येकाची नाळ तिथल्याच नारळांखाली पुरलेली होती. हॉटेलच्या नव्या फाटकाशी शेजारचा लिनस पहारेकऱ्याच्या गणवेशात उभा होता.

"मावशी, आत नाही सोडता येणार. किनारा आता फक्त नव्या नागरिकांसाठी. देशाच्या विकासासाठी सरकारनं आणलेत त्यांना."

"अरे मेल्या, माझी नात गेल्या रविवारी जन्मली. तिच्याहून नवं कोण?"

"तसं नव्हे गं. इथं खोली विकत घेतली की सोबत आपल्या देशाचा पासपोर्ट मिळतो, ते."

"असं होय! मग त्यांची नाळ कुठं पुरलीय रे?"

लिनसनं फाटकाची कडी लावली.

"बँकेत."