केसाचाही फरक नाही

गॅरेजवाल्या मिस्त्रीने हौसेने स्वतःच्या एसयूव्हीची उंची कमी केली आणि मागचा एक्सल डावीकडे सरकून बसला. मग एक्सल परत मधोमध आणायला लांबी कमीजास्त करता येणारा आडवा रॉड आला. अख्खी सकाळ त्याने गाडीखाली काढली. दोन्ही मडगार्डांवरून ओळंबे सोडायचे, दोरीपासून टायरपर्यंत मोजायचं, रॉड पिळायचा, पुन्हा मोजायचं. शेवटी दोन्हीकडे बरोबर बावीस मिलिमीटर भरले, तेव्हा तो पान्हा घेऊन नाचायचाच काय तो बाकी राहिला.

"बघ," त्याने बायकोला बोलावलं. "केसाचाही फरक नाही. एक्सल अगदी मधोमध."

बायकोला हसू आवरेना. "कसला मधोमध? डावं मडगार्ड मागच्या वर्षी मी फाटकाच्या खांबाला ठोकलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून तुमच्याच पेंटरकडून पुट्टी भरून घेतली. त्याने एवढी थापली, की ते बोटभर बाहेर आलंय."

मिस्त्री मटकन खाली बसला. थोड्या वेळाने त्याचे खांदे गदगदा हलायला लागले, आणि बायको घाबरून जवळ आली, तर तो हसत होता.



"मधोमधच आहे गं. उजवीकडे माझ्यासाठीही त्याच पेंटरने पुट्टी थापलीय, बोटभरच. खांबही तोच."