आरशातली

लहान मुलाला आत्मभान येतं तो क्षण आत्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. म्हणून वहिनी ऑफिसला गेल्याबरोबर तिनं वहिनीची नवी लिपस्टिक उघडली, दोन वर्षांच्या भाचीच्या नाकावर नकळत एक ठिपका लावला आणि तिला आरशासमोर उभं केलं. पोरीनं स्वतःच्या नाकाला हात लावला, तर तिच्यातला ‘मी’ जागा झाला असं समजायचं. आरशाला लावला, तर तो अजून झोपलाय.

पोरीनं कशालाच हात लावला नाही. आरशातल्या मुलीचं लाल नाक डोळे भरून पाहिलं आणि आपलं नाक आत्यापुढे केलं. “मला पण!”

आत्या हरखलीच. म्हणजे ‘मी’चा अजून पत्ता नाही आणि हाव मात्र हजर! खात्रीसाठी तिनं गालावर ठिपका लावला. तो आरशातलीलाही मिळाला. “मला पण!” मग कपाळ, हनुवटी, दोन्ही कान, पुन्हा नाक, पुन्हा गाल. संध्याकाळी लिपस्टिक संपली आणि दारात वहिनी उभी.

“बाईसाहेब, हे काय?”

“चिडू नकोस गं वहिनी, मोठा शोध लागलाय! हिला ‘मी’ म्हणजे कोण, ते अजून कळतच नाही.”

वहिनीनं शांतपणे पर्समधून चॉकलेट काढलं. “हे कोणाला?”

“मला!” पोरीनं झडप घातली.

“आणि माझी लिपस्टिक कोणी संपवली?”

पोरीनं चॉकलेट पाठीमागे लपवलं आणि आरशातल्या लालबुंद मुलीकडे बोट दाखवलं.

“तिनं.”