अर्ध्या तासाचं छिद्र

म्हाताऱ्यानं फोटो मोठे करायच्या एन्लार्जरखाली पट्टी धरून उजेडाचा ठिपका मोजला. अडीच मिलिमीटर. ठिपका दहापट मोठा होऊन पडत होता, म्हणजे सुईनं पाडलेलं छिद्र पाव मिलिमीटरचं. ज्याचा कॅमेरा करायचा त्या पत्र्याच्या डब्याची खोली पंचाहत्तर मिलिमीटर. पंचाहत्तरला पावानं भागलं, तीनशे आले. ते त्यानं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले आणि खाली रेघ ओढली.

उजेड मोजायचं मीटर म्हणत होतं, सोळा नंबरच्या छिद्राला दोन सेकंद. तीनशे म्हणजे सोळाच्या जवळजवळ एकोणीस पट, आणि वेळ वाढतो एकोणीस गुणिले एकोणीस पटीनं. बारा मिनिटं झाली. त्यात फिल्म इतका वेळ उघडी राहिली की आळसावते, बारा मिनिटांच्या कामाला तीस घेते. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत बत्तीस वर्षं लोकांचे फोटो धुतल्यावर हा आळस त्याला घरच्या माणसासारखा ओळखीचा झाला होता.

सून दारात उभी राहून हिशेब बघत होती. छिद्र जरा मोठं केलं तर दहा मिनिटांत काम उरकेल, असं तिनं सुचवलं.

“उरकेल ना,” तो म्हणाला. “पण दहा मिनिटांवर ती मानायची नाही.”

ती म्हणजे म्हातारी. घड्याळाच्या कारखान्यात तबकड्यांवर ब्रशानं आकडे काढण्यात तिचा जन्म गेला होता, आणि आता तिच्या हातात चहाची कपबशी देता येत नव्हती. दोन्ही हात दिवसभर थरथरत. झोपलीस की ते अगदी शांत पडतात, असं म्हातारा तिला वर्षभर सांगत होता. तिला ते खरं वाटत नव्हतं. झोपेतही हातांना विसावा नसणार, ह्या एका विचारानं ती खचत चालली होती. मुलानं मोबाइलवर फोटो काढून दाखवला, तर तिनं नाक मुरडलं. म्हणाली, ह्यात हात थांबलेला नाही, चोरासारखा पकडलाय.

तेव्हा म्हाताऱ्यानं हा डबा काढला होता. अर्धा तास उघडा राहणारा डबा. त्या अर्ध्या तासात हात हलला तर फोटोत नुसता धूर येणार, नाही हलला तरच बोटं दिसणार. ह्यात लबाडीला जागा नव्हती.

“तुम्ही माझा हात धरून बसलात तर?” तिनं विचारलं होतं. त्यावर सुनेला साक्षीला घ्यायचं ठरलं. डबा उघडायचा तिनं, मिटायचा तिनं, आणि म्हाताऱ्यानं बोटही लावायचं नाही.

दुपारचं जेवण झाल्यावर म्हातारी रोजच्यासारखी खिडकीजवळच्या कॉटवर उशीला टेकली. हात मांडीवर ठेवले. ते थरथरत होते. हळूहळू मान कलली, श्वास लांबला, आणि हात पाणी स्थिरावावं तसे स्थिरावले. म्हाताऱ्यानं मान हलवली. सुनेनं समोर मांडलेल्या डब्याच्या छिद्रावरची काळी चिकटपट्टी सोडवली आणि घड्याळ बघितलं.

म्हातारा कॉटशेजारच्या स्टुलावर बसला. पहिली दहा मिनिटं त्यानं तिच्या बोटांवरून नजर काढली नाही. मग चष्मा पुसला. मग वाकून तिचा श्वास ऐकला. विसाव्या मिनिटाला खाली रस्त्यावर ट्रकनं हॉर्न दिला आणि तिची करंगळी किंचित हलली. त्याचा हात आपसूक पुढे गेला, सुनेकडे बघून त्यानं तो मागे घेतला आणि आपल्याच गुडघ्यावर दाबून धरला. करंगळी पुन्हा निजली.

तीस मिनिटं झाल्यावर सुनेनं पट्टी लावली. पाच मिनिटांनी म्हातारी जागी झाली आणि तिच्याबरोबर हातही.

संध्याकाळच्या आत म्हाताऱ्यानं न्हाणीघर अंधारं करून फिल्म धुतली, प्रिंट काढली, आणि ओलीच खिडकीशी नेली. आधी त्यानं हात बघितले. दहाच्या दहा बोटं वेगवेगळी. डाव्या हातावरच्या शिरासुद्धा. त्याला हसू फुटलं, आणि लगेच मावळलं.

फोटोत कॉटशेजारी धूर होता. राखाडी, बसलेल्या माणसाच्या उंचीचा. खांदे दोन ठिकाणी, डोकं तीन ठिकाणी. डब्याला बघायची काच नसते आणि त्याला दिसतं चांगलं रुंद, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण जन्मभर कॅमेऱ्याच्या मागे वावरलेला माणूस, आपणही फोटोत येऊ शकतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

“ही कडा खराब झालीय,” तो म्हातारीला म्हणाला. “कापून देतो.”

“द्या तशीच.”

त्यानं प्रिंट तिच्यासमोर टेबलावर ठेवली. ती खूप वेळ हात बघत राहिली, दुसऱ्या कुणाचे बघावेत तसे. सुनेला विचारून तिनं पुन्हा एकदा खात्री करून घेतली, की पूर्ण तीस मिनिटं, आणि ह्यांनी शिवलं नाही. सुनेनं दोन्हीला हो म्हटलं.

“म्हणजे निजतात,” म्हातारी म्हणाली.

मग तिची नजर कडेला गेली. तिनं त्या धुरावर बोट ठेवायला बघितलं. बोट थरथरत भलतीकडे गेलं, तिनं ते पुन्हा आणून टेकवलं.

“आणि तुम्ही रोज दुपारी असे बसता?”