विमानाआधीचा दिवस

अंगावर मगभर पाणी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा लेक महिन्यापूर्वी स्कूबा डायव्हिंग शिकला आणि लगेच तीन बेटांचा बेत आखून मोकळा झाला. “तिसऱ्या बेटावरून परतणारी बोट तुझ्याच गावाला लागते, आई. विमानाआधीचा अख्खा दिवस तुझ्याकडे!” तो फोनवर म्हणाला. चार वर्षांनी येत होता. आई हरखली. बोलता बोलताच तिने कपाटातली कोरी चादर काढली. “बरी आठवण झाली रे माझी!” “अगं, डायव्हिंग केल्यावर एक दिवस विमानात बसायचं नसतं. रक्तात वायू राहतो. कुठेतरी थांबावंच लागतं.” चादर तिच्या हातात तशीच राहिली. “आणि समुद्र खवळला, पाण्यात उतरताच आलं नाही तर?” “मग काय, बोटीतून उतरून थेट विमान!” तिने तरीही चादर अंथरली. त्या दिवसापासून ती रोज उठल्याबरोबर तिसऱ्या बेटावरचं हवामान बघू लागली.