शेवटच्या पानावरचे हात

"वारस नाही, एवढंच लिही आणि मोकळी हो," काका तिसऱ्यांदा म्हणाले.

ती हसली. कुराणाची ही हस्तलिखित प्रत सहाशे वर्षांची. मालक बदलला की समासात नवा शिक्का. असे अकरा शिक्के तिने डोळ्यांत तेल घालून वाचले होते. उद्या अहवाल द्यायचा होता. वारस सापडला तर प्रत त्याची, नाहीतर ग्रंथालयाची. आणि ग्रंथालय म्हणजे काकाच! प्रत त्यांनीच मिळवली होती. तिच्यासारख्या अनाथ पोरीला वाढवलं, या टेबलापाशी बसवलं, तेही त्यांनीच. सख्ख्या बापाने तरी आणखी काय केलं असतं?

हातमोज्यांच्या आत करंगळ्यांची मुळं खाजली. लहानपणी दारात चेंगरल्याच्या खुणा होत्या तिथे. तिने टेबलाच्या कडेवर हात घासले.

"हे बघा ना काका, गंमत." शेवटच्या घराण्याने शिक्का उमटवला नव्हता. मागच्या कोऱ्या पानावर प्रत्येक तान्ह्या बाळाचा हात ठेवून भोवती रेघ ओढली होती, खाली जन्मसाल. "काढणाऱ्यांना बोटं मोजता येत नव्हती की काय? सगळ्यांना सहा-सहा! करंगळीला चिकटून एक चिमुकलं जास्तीचं."

तिच्या फुसक्या विनोदालाही काका हसायचे. आज हसले नाहीत.

"कोण उरलंय आता त्यातलं? अख्खं घर पुरात गेलं."

"पुराचं मला आजच सकाळी कळलं," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच की."

तिने सांगितलं नव्हतं.

तिने पान दिव्याखाली सरकवलं. तळाशी, अगदी कोपऱ्यात, एक हात बघायचा राहिला होता. इवलासा. बाळाने मध्येच हात ओढला असावा, रेघ थरथरली होती. खालचं साल तिच्या जन्माचं होतं.

ती हातमोजे काढू लागली.

"काढू नकोस!" काका ओरडले. इतक्या वर्षांत ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते.

तिने दोन्ही पंजे पानाशेजारी उघडे ठेवले. दोन्ही करंगळ्यांच्या मुळाशी, बाहेरच्या कडेला, सारख्याच खुणा होत्या.

"काका," ती हळूच म्हणाली, "एका दारात दोन्ही हात एकाच जागी कसे हो चेंगरले?"